घरट्यापाशी फोटो ‘हमखास’ मिळतो, म्हणूनच तिथे जायचं नाही

‘पक्ष्यांचे भारी फोटो काढायची ७ गुपितं’ अशा नावाचा एक मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. यंदा तो माझ्या भाचीपर्यंत पोचला. तिने नुकताच सेकंडहँड कॅमेरा घेतलाय. मेसेज वाचून तिने मला पहिला प्रश्न विचारला तो हा, ‘‘मामा, जंगलात न्यायला ब्लूटूथ स्पीकर कुठला घेऊ?’’ लेन्सबद्दल नाही, प्रकाशाबद्दल नाही, स्पीकरबद्दल. त्यामुळे आता गप्प बसवत नाही. सातही मुद्द्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळे सारखे घातक नाहीत.

सगळ्यात वाईट मुद्दा मेसेजमध्ये पहिलाच आहे. पावसाळ्यात घरटं शोधा, त्याच्यासमोर बसा, पक्षी पिल्लांना सोडून जात नाही, त्यामुळे फोटो हमखास मिळतो. आड येणारी पानं-फांद्या छाटा आणि समोर एक सुंदर काटकी रोवा.

तिबोटी खंड्याचंच बघा. जूनमध्ये पावसाच्या सुमारास हा चिमुकला पक्षी कोकणात येतो, कर्नाळ्यासारख्या जंगलात ओढ्याकाठच्या किंवा रस्त्याकडेच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो आणि तिथे पिल्लं वाढवतो. नर-मादी दोघंही दिवसभर सापसुरळ्या, पाली, छोटे खेकडे, बेडूक आणून आत भरवत असतात. चोचीत सापसुरळी धरून काटकीवर ऐटीत बसलेल्या तिबोटीचा फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. दर पावसाळ्यात तो शेकड्यांनी लाइक मिळवतो. आता विचार करा, चोचीत घास असताना तो पक्षी काटकीवर बसून का राहिलाय? बऱ्याचदा कारण एकच असतं. बिळासमोर माणसं ट्रायपॉड लावून बसलेली असतात आणि त्याची आत जायची छाती होत नाही. तो घास घेऊन ताटकळतो, उडून जातो, परत येतो. आत पिल्लं भुकेली असतात. ज्याला आपण ‘पोज’ म्हणतो ती त्या पक्ष्याची घालमेल असते. एक फोटोग्राफर उठला की दुसरा बसतो, कारण जागा ग्रुपवर पोचलेली असते.

आणि पानं छाटायची? उघड्या वाटीसारख्या घरट्यावरची पानं हेच त्या पिल्लांचं छप्पर असतं. ऊन-पाऊस तीच अडवतात, कावळ्याच्या आणि भारद्वाजाच्या नजरेपासून तीच लपवतात. तुम्ही चांगल्या फ्रेमसाठी दोन फांद्या मोडता आणि घरी जाता. कावळा तिथेच असतो.

मेसेजचा पुढचा मुद्दा असा की माणसाचा हात लागला तर आई पिल्लाला टाकते हा गैरसमज आहे, म्हणून पिल्लू उचलून चांगल्या उजेडात ठेवायला हरकत नाही. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे, हे मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. नुसता हात लागल्याने पक्षी पिल्लांना टाकत नाहीत. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष संतापजनक आहे. माणसाच्या हाताचा वास हा प्रश्नच नाही. अंगावर पिसंही न आलेलं पिल्लू ऊब सुटली की गारठतं, उन्हात ठेवलं तर भाजतं, आणि उडता येण्याआधी घरट्याबाहेर आलेलं पिल्लू पुन्हा आत टिकून बसेल याची खात्री नसते.

ज्यांना हे सगळं भावनेचं बोलणं वाटतं त्यांनी वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं कलम २, पोटकलम १६ वाचावं. कायद्याने शिकारीत काय काय धरलंय ते तिथे दिलंय. बंदूक आणि फास तर आहेतच. त्याचबरोबर रानातल्या पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणं, प्राण्याला हाकून काढणं आणि आमिष दाखवणं हेही आहे. कलम ९ शिकारीवर बंदी घालतं. म्हणजे हा मेसेज हौशी माणसाला ‘गुपित’ म्हणून जे शिकवतोय, त्यातलं बरंचसं कायद्याच्या लेखी शिकारीत मोडतं. ‘मी तर फक्त फोटो काढत होतो’ हा बचाव तिथे चालायचा नाही.

आता स्पीकर. मेसेज म्हणतो, नवरंगाचा आवाज मोबाइलवर लावा, पक्षी आपोआप समोर येतो. येतो, हे खरं. पण का येतो? नवरंग आपल्याकडे पावसाच्या तोंडावर वीण करायला येतो. नर पहाटे आणि संध्याकाळी शिट्टी घालून आपली हद्द सांगत असतो. स्पीकरवरची शिट्टी ऐकली की दुसरा नर हद्दीत घुसलाय असं समजून तो चरणं सोडून भांडायला येतो. भांडायला कुणी सापडत नाही, शिट्टी थांबत नाही, आणि तो पुन्हा पुन्हा फेऱ्या मारत राहतो. एकाच ओढ्यावर दिवसभर वेगवेगळ्या लोकांनी हे केलं तर त्या पक्ष्याने खायचं कधी? भाचीला मी सांगितलं, पहाटे जाऊन एका जागी न हलता बस. नवरंग स्वतःच इतका ओरडतो की त्याला बोलवायची गरज नाही.

उजनी धरणाच्या पाण्याकाठच्या भिगवणला होडीतून कुरव पक्ष्यांना फरसाणातल्या गाठ्या फेकणं आणि रोहित पक्ष्यांचा थवा उडावा म्हणून होडी त्यांच्या अंगावर घालायला लावणं, हाही सल्ला मेसेजमध्ये आहे. आमिष आणि हाकणं, दोन्ही वर आलंच. होडीवाल्या दादांना आपणच ‘जरा अजून जवळ घ्या’ म्हणतो, हे मात्र लक्षात ठेवावं.

उरलेले तीन मुद्दे तंत्राचे. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, १०० च्या वर नेऊ नका, असं मेसेज बजावतो. पावसाळी जंगलात झाडाखाली आयएसओ १०० आणि अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) एफ ५.६ ठेवलं तर शटर उघडं राहण्याचा वेळ १/४ सेकंदाच्या आसपास जातो. हातात धरलेल्या ३०० मिमी लेन्सने त्या वेगाला पक्षी नाही, नुसता हिरवा धूर मिळतो. आयएसओ ३२०० केलं की तेच शटर १/१२५ होतं. स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी, लेन्समध्ये स्थिरीकरण असेल तर, तेवढं पुरतं. आयएसओ वाढवल्याने दाणेदार झालेला फोटो सॉफ्टवेअरमध्ये सुधारता येतो, हललेला नाही.

एम मोडशिवाय, म्हणजे सगळी सेटिंग्ज स्वतः हाताने लावल्याशिवाय, खरी फोटोग्राफी नाही, हेही चूक. ढग क्षणाक्षणाला सरकत असताना अपर्चर प्रायॉरिटी (अपर्चर आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) किंवा एमबरोबर ऑटो आयएसओ लावणारे मुरलेले लोक भरपूर आहेत.

आणि शेवटचा मुद्दा, ६०० मिमीची लेन्स हवीच. लांब लेन्सने फायदा होतो, नाही म्हणत नाही. उलट लांबून फोटो मिळाला तर पक्ष्यालाही बरंच. पण नवशिक्याने त्यासाठी कर्ज काढू नये. साधी ७०-३०० लेन्स क्रॉप (म्हणजे आकाराने लहान) सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ४५० मिमीइतकी चौकट देते. गाडी रस्त्याकडेला थांबवा, इंजिन बंद करा, खिडकीत तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेका. माणूस खाली उतरला की उडणारा वेडा राघू गाडीला फारसा घाबरत नाही. तारेवरून उडून माशी पकडून तो पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, त्यामुळे फोकस आधीच लावून ठेवता येतो.