लग्नघरात हिशोब विचारू नये

गेल्या वैशाखात आमच्या धाकटीचं लग्न झालं. झकास झालं. गोंधळाच्या दुसऱ्या दिवशीच्या पांढऱ्या रश्श्याला एकाही पाव्हण्यानं नाव ठेवलं नाही. कोल्हापुरात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही. आणि जूनमध्ये, पहिल्या पावसाबरोबर, क्रेडिट कार्डाचं बिल आलं.

ते बिल वाचून मला जे ज्ञान झालं ते एकट्यानं ठेवून घेणं बरं नव्हे. घरात कार्य निघालं, कुणी दवाखान्यात पडलं, पोरांची बारावी आली, की पैशाच्या साध्यासुध्या सवयी मुळापासून कशा उपटाव्यात हे शिकायचं असेल तर खुर्ची ओढा आणि बसा.

सुरुवात वहीपासून करावी. मी रोज दुकान बंद करताना दोन ओळी खर्च लिहायचो. पत्रिका छापायला टाकल्या त्या संध्याकाळी ती वही कपाटावर गेली. "आता काय लिहायचं, खर्च तर होणारच हाय." हे वाक्य पाठ करून ठेवा. खर्च नसतो तेव्हा लिहायचा आणि असतो तेव्हा लिहायचा नाही, असा हा नियम आहे.

मग पिग्मी बुडवा. १९२८ साली उडुपीकडं टी. एम. ए. पै यांच्या बँकेनं ही पिग्मी काढली. माणूस बँकेत येत नाही ना, मग बँकेनंच त्याच्या दारात जायचं आणि रोज दोन आणे का होईना, घेऊन यायचं. इतकी जुनी, इतकी चिवट युक्ती, पण ती हाणून पाडायला तीन शब्द पुरतात: "काका, उद्या या." लक्ष्मीपुरीतल्या आमच्या दुकानात पिग्मीवाले काका संध्याकाळी सातला येतात. माझे रोजचे शंभर रुपये. मी बावीस दिवस त्यांना उद्या या म्हणालो. कधी बस्ता होता, कधी बांगड्या भरायच्या होत्या. तेविसाव्या दिवशी काकांनी लांबूनच हात केला आणि ते पुढं निघून गेले. त्याच बावीस दिवसांत दुकानासमोरच्या गाड्यावर येईल त्याला चहा-वडा माझ्या नावावर चालू होता.

घरफाळ्याची नोटीस पत्रिकांच्या गठ्ठ्याखाली ठेवावी. दरमहा दोन टक्के शास्ती तिथं आपोआप वाढते, पाणीसुद्धा घालावं लागत नाही.

मोबाईल सार्वजनिक करा. लग्नघरातला कर्ता माणूस म्हणजे चालतं-बोलतं यूपीआय. पिन चुलतभावाला माहीत, मामेभावाला माहीत, टेम्पोवाल्यालाही बहुतेक माहीत असावा. हळदीच्या आदल्या रात्री कुणीतरी गजरे आणले, कुणीतरी बर्फ, कुणीतरी कशाचे तरी साडेसातशे दिले. सकाळी पाच तारीख. गाडीचा हप्ता वटायला गेला आणि खात्यात दोनशे बारा रुपये कमी. बँकेनं ५९० कापले, फायनान्सवाल्यांनी वेगळे ५९० लावले. दोनशे बारा रुपयांसाठी अकराशे ऐंशी. गजरे छान होते.

मानपानाला मागंपुढं बघू नका. आत्या म्हणालीच, "लगीन एकदाच होतंय रे, हात आखडू नकोस." टॉवेल-टोप्यांचे दीडशे जोड आणले. त्यातली एक टोपी मागच्या वर्षी आमच्याच घरातून गेलेली, पाच लग्नं फिरून परत आहेरात आली. घडीवरच्या हळदीच्या डागावरून मी तिला ओळखलं. ती ना कुणी घातली, ना कुणी घालणार.

आता खरी विद्या. कार्डाचं त्याआधीचं, ऐन लग्नाच्या गडबडीत आलेलं बिल होतं ६२,४०० चं. महिनाभर आधी महाद्वार रोडला घेतलेले शालू आणि बाकीचं किडुकमिडुक. त्या आकड्याच्या शेजारी दुसरा एक गोजिरवाणा आकडा असतो, मिनिमम ड्यू, म्हणजे सध्या निदान एवढे तरी भरा. माझा होता ३,१२०. तुम्ही मांडववाल्याशी भांडताय, फेटेवाला फेटे किती म्हणून तिसऱ्यांदा विचारतोय, आणि अशात हा आकडा दिसतो. जोतिबाच पावल्यासारखं वाटतं. भरा आणि मोकळे व्हा. मी झालो. वर चारचौघांत म्हणालोही, "कार्डाचं मिटवलं."

जूनच्या बिलात व्याज आणि त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी धरून ३,७७० रुपये. म्हणजे मी भरले त्याच्यापेक्षा जास्त लागले! व्याज शेवटच्या तारखेपासून लागेल, अशी आपली भाबडी समजूत. तसं नसतं. पूर्ण बिल भरलं नाही की शालू घेतला त्या दिवसापासून मोजतात. आणि जुनी बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. जावयाकडं पाठवलेल्या आंब्याच्या पेटीला घेतल्या दिवसापासून व्याज! आंबे पिकायच्या आधी व्याज पिकलं.

दर किती? महिन्याला साडेतीन टक्के. वर्षाचे झाले बेचाळीस. गल्लीतल्या कुणी शेकडा साडेतीननं पैसे लावले तर आपण त्याला रक्त पिणारा म्हणतो, २०१४ चा सावकारी कायदा काढतो, उपनिबंधकांकडं अर्ज घेऊन जातो. इथं तोच दर गुळगुळीत कागदावर येतो आणि आपण सही करून वर पॉइंट्स किती मिळाले ते मोजतो. बरं, फसवलं म्हणायचीही सोय नाही. नुसतं मिनिमम भरत राहिलात तर फिटायला महिने-वर्षं लागतील, व्याजावर व्याज चढेल, हे बिलावर छापलेलं असतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं छापावंच लागतं. माझ्याही बिलावर होतं. मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. आणि हे कळून मी डोकं धरून बसलोय तोवर फोन. गोड आवाज. "सर, तुमच्यासाठी अडीच लाखांचं लोन मंजूर आहे." अगं बाई, मी बुडतोय आणि तू मला पाणी विकतीयेस!

फोनवरच्या पोरीवर ओरडलो, त्याचं वाईट वाटलं. ती पगारी. ओरडायचं ते माझ्यावर, आणि तुमच्यावर.

हो, तुमच्यावरच. वेळ नव्हता म्हणता ना? डोकं ठिकाणावर नव्हतं? मग आहेराची वही कशी लिहिली? अक्षता पडल्या, डॉल्बीनं छातीत धडधडतंय, पंगत उठायची आहे, विहीण रुसलीय, आणि त्या गर्दीत आमचे चौऱ्याहत्तर वर्षांचे थोरले मामा दाराशी टेबल टाकून बसलेले. तीन तास. नाव, गाव, रक्कम. एक्कावन्न रुपयेसुद्धा सुटले नाहीत. पाकिटावर नाव नसलं तर मांडवात माणूस पाठवून विचारून आणलं. रात्री बेरीज केली, पैसे मोजले, रुपयाला रुपया जुळला, खाली सही. तुमच्या घरातही असंच होतं. वीस वर्षांपूर्वी कुणी किती घातले ते आजही काढून दाखवता. येतं की हिशोब ठेवायला! ऐन लग्नाच्या धामधुमीत येतो! लोकांनी आपल्याला काय दिलं त्याला वही, मामा आणि टेबल. आणि आपल्या खात्यातून काय गेलं ते बघायला माणूस नाही? मामांच्या शेजारी दुसरी वही घेऊन एक भाचा बसवला असता तर बिघडलं असतं काय? सोळा भाचे होते. सगळे फेटे बांधून फोटो काढत होते. आणि मी? मी त्यांना पिन सांगत होतो.

आहेराच्या वहीची निम्मी पानं कोरी होती. जुलैपासून मी त्याच वहीत उलट्या बाजूनं रोजचा खर्च लिहितोय. कार्डाचं अजून फिटायचंय. शालू आईच्या कपाटात, डांबरगोळ्यांसोबत.

परवा पिग्मीवाल्या काकांना रस्त्यात गाठून परत बोलावलं. सातला आले. शंभर दिले, पावती घेतली. निघताना पिशवीतून पत्रिका काढून माझ्या हातात दिली. थोरल्या पोरीचं लग्न.

"आता महिनाभर माझं जरा इकडं-तिकडं होईल बघा," म्हणाले. "लई खर्च चाललाय. लिहून ठेवायचंबी सोडलंय."

"काका," म्हटलं, "बसा जरा."