शोधाचा फोटो कुठून आणू?

बैठकीतून अर्ध्यावर उठून आलोय. चहासुद्धा घेतला नाही. रात्रीचे साडेदहा वाजलेत आणि डोकं अजून शांत नाही, म्हणून इथं लिहितोय.

आमच्याकडे दरवर्षी गुणगौरव होतो. फेटा, शाल, श्रीफळ, मानचिन्ह. निवड समितीवर मीही आहे. यंदा विज्ञानासाठी मी एक नाव दिलं. बेळगावातल्या एका इंजिनियरिंग कॉलेजात गणित शिकवणारी प्राध्यापिका, पुराचं गणिती मॉडेल करते. अर्जात एक रकाना आहे, ‘शोधाचे नाव व छायाचित्र’. तो मी कोरा ठेवला होता. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "सर, यंत्र नाही, औषध नाही, बियाणं नाही. नुसते कॉम्प्युटरवर आकडे. लोकांना दाखवायचं काय?" बाकीचे हसले. नाव बाजूला पडलं.

होय, ती माझी विद्यार्थिनी आहे. आठवी ते दहावी मीच तिला गणित शिकवलंय. पक्षपात म्हणायचा तर म्हणा.

पण आधी माझ्या आक्काच्या घरचं ऐका. आक्काचं सासर चिकोडी तालुक्यात, कृष्णेकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या घरात छातीइतकं पाणी होतं. दोन म्हशी दावणीलाच गेल्या, सोडायला कुणी पोचलंच नाही. आक्का त्यावर आजही बोलत नाही.

पुढच्या जानेवारीत ही पोरगी माझ्याकडे आली. "सर, नदीकाठी तुमचं कोण आहे का? पाणी कुठवर आलं होतं ते मोजायचंय." मी आक्काकडे धाडलं. चार दिवस राहिली. भिंतींवरचे चिखलाचे डाग मोजले. म्हाताऱ्यांना २००५ चं पाणी कुठं होतं ते विचारून खुणा केल्या. मारुतीच्या देवळाच्या पायऱ्यांवर तांबड्या रंगानं आकडे घातले. गावातली पोरं मागं मागं फिरायची. दाजी म्हणाले, "पाणी येऊन गेलं, आता मोजून काय करणार ही?"

काय करणार ते सांगतो, कारण आज बैठकीत मला सांगूच दिलं नाही. वाहत्या पाण्याची समीकरणं सॅं-व्हेनां या फ्रेंच गणितज्ञानं १८७१ साली मांडली. एक समीकरण पाण्याचा हिशोब ठेवतं, आलं किती, गेलं किती, साठलं किती. दुसरं जोराचा हिशोब ठेवतं, म्हणजे उतार, खोली, तळाचं घर्षण. नदीचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यासाठी काही सेकंदांच्या अंतरानं हा हिशोब पुन्हा पुन्हा करायचा. त्यात कोयनेचा विसर्ग घालायचा, वारणा, पंचगंगा, दूधगंगा घालायची, खाली अलमट्टी धरणाची पातळी घालायची. घर्षणाला मॅनिंगचा आकडा असतो. स्वच्छ सरळ पात्राला ०.०३ च्या आसपास, काठावर दाट झुडपं असली तर ०.१ पर्यंत. आणि नदी आपल्याला हवं तसं वागते की नाही, हे तपासायला ते चिखलाचे डाग लागतात! डाग नसले तर समीकरणं कागदावरच.

२०२१ चा जुलै. घाटात धो धो, इकडे गावात ऊन पडलेलं. हिचा थेट भाच्याला फोन. "परवा पहाटेपर्यंत देवळाच्या दुसऱ्या पायरीला पाणी लागेल. म्हशी आजच हलवा." दाजी कुरकुरले, पण आक्का उठली आणि तिनं स्वतः दावी सोडली. म्हशी माळावरच्या शाळेत नेल्या, कडबाही वर नेला.

पाणी आलं. दुसऱ्या नाही, चौथ्या पायरीपर्यंत.

त्या रात्री तिचा मला फोन आला, रडत होती. "सर, माझं दोन पायऱ्यांनी चुकलं." अगं बाई, जनावरं वाचली! पण तिला ते ऐकूच येत नव्हतं. बत्तीस वर्षं शिकवलं मी. उत्तर चुकलं म्हणून इतकं जिवाला लावून घेणारा विद्यार्थी दुसरा पाहिला नाही.

आता कुणीतरी लिहीलच की मॉडेलं चुकतात, कोविडमध्ये किती चुकली. चुकली. मान्य. आणि पदोन्नतीसाठी पेपर पाडणारेही आहेत, तेही मान्य. पण ही त्या हिवाळ्यात पुन्हा गावात गेली. नव्या रस्त्याचा भराव तिच्या नकाशात नव्हता. मोऱ्यांची तोंडं उसाच्या पाचटानं तुंबलेली. उभ्या उसात पाणी किती अडतं ते तिनं कमी धरलं होतं. सगळं दुरुस्त केलं. चूक कुठं झाली ते शोधायला गाळात उतरणारी माणसं तुमच्या ओळखीत किती आहेत?

तिच्या कॉलेजात सिव्हिलवाले म्हणतात, ही गणिताची. गणितवाले म्हणतात, हे काही शुद्ध गणित नव्हे. म्हणजे ना इकडची ना तिकडची. सीमाभागातल्या माणसाला हे दुखणं समजावून सांगावं लागतंय, याचंच मला नवल वाटतं.

आणि अलमट्टी! धरणाची पाणीपातळी ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ करायची म्हटलं की सगळे माईक हातात घेतात. फुगवटा, म्हणजे धरणामुळे मागं तुंबणारं पाणी, कुठवर येतो, कुणामुळे येतो, यावर टपरीटपरीवर भांडणं. भांडा. पण ज्या प्रश्नाचं उत्तर शेवटी याच समीकरणांतून काढावं लागणार आहे, ती सोडवणाऱ्या माणसाला व्यासपीठावर एक खुर्ची नाही?

माझी आजी सांगायची, प्लेगात अख्खं गाव रानात झोपड्या घालून राहिलं होतं. साथ कशी चढते आणि कशी ओसरते याचं समीकरण करमॅक आणि मॅकेंड्रिक यांनी १९२७ साली मांडलं, आणि ते पडताळलं मुंबईच्या १९०५-०६ च्या प्लेगमधल्या मृत्यूंवर. आपलीच माणसं होती ती. त्यातला करमॅक तर आंधळा होता, प्रयोगशाळेतल्या अपघातात डोळे गेलेले. त्याच्याकडे मागितला असता का कुणी शोधाचा फोटो? २०२१ चं भौतिकीचं नोबेल मानाबे आणि हासेलमान यांना हवामानाच्या मॉडेलांसाठी मिळालं. तिकडं चालतं. आमच्या समितीला चालत नाही.

असो. फार चिडून लिहिलं. समितीतली माणसं वाईट नाहीत, पूर आला की त्यातलेच दोघं ट्रॅक्टर घेऊन धावतात. त्यांना कुणी कधी समजावलंच नाही, आणि त्यात माझाही दोष आहे. वर्गात आयुष्यभर मी x काढायला शिकवला, तो x म्हणजे कुणाच्या तरी दारातलं पाणी असू शकतं हे एकदाही सांगितलं नाही.

मघाशी आक्काचा फोन आला होता. "ती पोरगी परवा येऊन गेली. मोरीत उतरून मोजायलीती. जेवायला घातलं. तिचा सत्कार कवा हाय रे?" काय सांगू तिला?

पुढची बैठक रविवारी आहे. आक्काला म्हटलंय, नातवाकडून देवळाच्या चौथ्या पायरीचा फोटो काढून घे, तांबडा आकडा नीट दिसायला हवा. त्या कोऱ्या रकान्यात तोच चिकटवणार आहे.