मोरचुदातलं पाणी न तापवता कसं मोजावं

मोरचुदात, म्हणजे निळ्या कॉपर सल्फेटच्या खड्यात, स्फटिकजल (स्फटिकात बांधलेलं पाणी) किती, हे कळायला मोरचूद तापवावं लागतं, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. कॉपर सल्फेटच्या एका वाट्याला पाण्याचे पाच रेणू, रेणुभाराच्या एकूण २४९.५ पैकी ९०, म्हणजे ३६.०७ टक्के. उत्तर हाती असताना स्पिरिट कशाला जाळायचं?

तरी बाहेरचे परीक्षक येणार असतील आणि दिवा पेटलेला दिसायलाच हवा, तर कृषी केंद्रातून पावभर मोरचूद आणा. वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा आहेत तोवर त्याला तोटा नाही. खडे मात्र कुटू नका. अख्खा खडा तापला की आतल्या वाफेने तडकतो, कण मुशीबाहेर (तापवायच्या वाटीबाहेर) उडतात, आणि उडालेला माल 'गेलेलं पाणी' म्हणून धरता येतो. बारीक पूड करून मंद आचेवर तापवणाऱ्याला ही बरकत नाही.

रिकामी मूस आधी तापवून, निववून मग तोलावी, असं पुस्तकात असतं. असू द्या. जुलैभर कपाटात पडलेल्या मुशीने धरलेली ओलही मग मोरचुदाच्या खात्यावर चढते. हिशेब फार वर गेलाच, तर दिव्यात स्पिरिटऐवजी रॉकेल भरा; बुडाला काजळी बसून वजन वाढतं आणि पाणी आपोआप खाली येतं. दोन चुका एकमेकींना सांभाळून घेतात.

निळा रंग फिका पडला की दिवा विझवा. चार रेणू शंभर अंशांच्या थोडं पुढे-मागे निघून जातात. पाचवा म्हणजे धोंड्याच्या महिन्यात आलेला जावई. आच दोनशेच्या वर गेल्याशिवाय तो उठत नाही. त्याला बसू दिलं तर उत्तर २८.९ च्या आसपास येतं. उलट मोठ्या गॅसवर मूस लालबुंद होईस्तोवर भाजत राहिलात, तर नाक झोंबवणारी वाफ निघून काळं कॉपर ऑक्साइड उरतं आणि 'पाणी' भरतं ६८ टक्के. मे महिन्यात एवढं पाणी आमच्या विहिरींनाही लागत नाही.

आता वजन. मूस गरम असतानाच काट्यावर ठेवा: वर चढणारी हवा पारडं उचलून धरते, वजन कमी दिसतं. नाहीतर उघड्यावर निववा. पांढरी भुकटी पावसाळी हवेतलं पाणी पिऊन कडेनं पुन्हा निळसर होते. ओल न लागू देता निववायचं झाकणबंद भांडं, डेसिकेटर, आहेच म्हणा, पण त्यातल्या ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडचा केव्हाच चिखल झालेला. पुन्हा पाच मिनिटं तापवायचं, निववायचं, तोलायचं, आणि दोन वजनांत ०.०१ ग्रॅमचाही फरक उरेनासा होईपर्यंत हेच करत राहायचं, हा रिकामटेकड्यांचा उद्योग. शाळेचा काटा ०.१ ग्रॅमच्या खाली बोलतच नाही. २ ग्रॅम मोरचूद घेतलं तर पाणी ०.७ किंवा ०.८, म्हणजे ३५ टक्के, नाहीतर थेट ४०. ५ ग्रॅम घेतलं असतं तर चूक निम्म्याहून कमी झाली असती, पण पोरांना कशाला लाडावून ठेवायचं? गावातल्या सोनाराकडे बारीक काटा असतो, तिथे मात्र जाऊ नका. शाळेनं काय मोडायला आणलं, याची चर्चा पारावर पोचते.

म्हणून प्रयोगवहीत साऱ्या वर्गानं ३६.०७ लिहावं. दशांशाची दोन्ही घरं भरलेली हवीत.

उरलेलं मोरचूद बागेत द्या. खोडाला बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावताना १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी लागतं, आणि तिथे पाणी मोजूनच ओततात.