तह करायचाय? मग बसा, सांगतो

महायुद्ध जिंकलात, अभिनंदन! आता कायमची शांतता हवी म्हणता? फार डोकं चालवू नका. पहिल्या महायुद्धानंतर 1919 साली पॅरिसच्या शांतता परिषदेत थोरामोठ्यांनी वस्तुपाठ घालून दिलाय, तोच गिरवा.

मुहूर्त असा काढा की हरलेल्याच्या जिव्हारी लागला पाहिजे. परिषद भरली 18 जानेवारीला. 1871 साली याच तारखेला व्हर्सायच्या आरसेमहालात जर्मन साम्राज्याची द्वाही फिरली होती. सह्याही त्याच आरसेमहालात घ्या. फ्रान्सचे पंतप्रधान क्लेमांसोंनी तर चेहऱ्यांची चाळण झालेले पाच फ्रेंच जवान सहीच्या मेजाजवळ आणून उभे केले होते. त्या जवानांचं दुःख खरंच होतं, त्याची थट्टा करवत नाही. पण समोरच्याला सलोख्याने वागायला लावायची ही रीत भलतीच अजब, एवढं तरी म्हणू द्या.

ज्याच्याशी तह करायचा त्याला बोलणीला बोलावून वेळ दवडू नका. आपसात तीन-चार महिने भांडून घ्या, मग 7 मेला तयार बाड त्याच्या हातात ठेवा आणि हरकती काय त्या लेखी द्या म्हणा. तहाच्या कलम 231 मध्ये नुकसानीची सगळी जबाबदारी त्याच्याच माथी मारा. आणि खरी गोम इथे आहे: एकूण भरपाईचा आकडा कोराच ठेवा. आधी सही, रक्कम मागाहून! जर्मनीला आकडा कळला 1921 मध्ये, 132 अब्ज सुवर्ण मार्क. घासाघीस करायची सोयच उरली नाही, बघा कशी सुटसुटीत पद्धत.

नकाशे आखताना भूगोलाचं दडपण घेऊ नका. टेशेनवरून पोल आणि चेक हमरीतुमरीवर आले होते, आणि या गावाचं नाव आपण कधी ऐकलंही नव्हतं, असं खुद्द पंतप्रधान लॉइड जॉर्जनी ब्रिटिश संसदेत सांगून टाकलं. अडलं का कुणाचं काही?

तत्त्वं मात्र हवीतच. स्वयंनिर्णय छान शोभतो. कुणाचा, ते मोघम ठेवा. आपले लोकमान्य तेव्हा ब्रिटिश पत्रकार चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यापायी लंडनातच होते, पॅरिस हाकेच्या अंतरावर. काँग्रेसने दिल्लीच्या अधिवेशनात शांतता परिषदेसाठी त्यांची निवडही केली होती. सरकारने पॅरिसला जायचा परवाना दिला नाही. त्यांनी क्लेमांसोंना निवेदन धाडलं, ते पडलं कागदांच्या ढिगात. हिंदुस्थानला खुर्ची नव्हती असं नव्हे हं! दहा लाखांहून जास्त हिंदी माणसं या युद्धासाठी समुद्रापार गेली होती, एवढा मान तर द्यायलाच हवा. तहावर हिंदुस्थानतर्फे सह्या झाल्या: एक बिकानेरच्या महाराजांची, दुसरी ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री माँटेग्यूंची. म्हणजे ज्यांच्यापासून स्वराज्य मागायचं, त्यांनीच आपली बाजू मांडायची. वकिलाची फी वाचली.

कुणी समतेचा ठराव आणलाच, तर घाबरू नका, मतदान घ्या. जपानने वंशसमतेचं कलम मांडलं, 17 पैकी 11 मतं बाजूने पडली. अध्यक्षस्थानी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष विल्सन. म्हणाले, याला एकमत लागतं. सुटला प्रश्न.

घरच्यांना विश्वासात घेण्याच्या भानगडीतही पडू नका. विल्सन एकाही सिनेटरला सोबत न घेता गेले, आणि राष्ट्रसंघाची, म्हणजे शांतता राखणाऱ्या देशांच्या संघटनेची, अख्खी कल्पना ज्यांची, त्यांच्याच सिनेटने तह फेटाळला. दोनदा.

एक मात्र करा, सामान जपून ठेवा. 1918 चा युद्धविराम काँपिएन्यच्या जंगलात ज्या रेल्वेच्या डब्यात झाला, तो डबा फ्रेंचांनी तिथेच खास इमारत बांधून नीट ठेवला होता. जून 1940 मध्ये हिटलरला फ्रान्सकडून सही घ्यायला नेमका तोच डबा हवा झाला. शोधाशोध करावी लागली नाही. इमारतीची भिंत तेवढी पाडावी लागली.