मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हे साफ खोटे आहे

गेल्या महिन्यात सांगलीत एका एकांकिकेच्या तालमीत माझ्या भाच्याने एअरसॉफ्ट पिस्तूल (प्लॅस्टिकचे छर्रे मारणारे नकली पिस्तूल) विंगेकडे रोखून चाप ओढला आणि स्टुलावरच्या कागदी कपाला वाटाण्याएवढे गोल भोक पडले. चहाची धार संहितेच्या पानांवर सांडू लागली आणि पांढरा प्लॅस्टिकचा छर्रा कपाच्या तळाशी सापडला. प्रॉम्प्टिंग करणारी मुलगी त्या कपापासून दीड हातावर बसलेली होती. "मामा, मॅगझिन काढून तपासलं होतं," म्हणजे छर्रे भरण्याची डबी काढून पाहिली होती, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत राहिला. त्याने खरोखर तपासले होते, आणि घात झाला तो नेमका त्या तपासण्यामुळेच.

तपासण्याची ही रीत त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या एका मजकुरातून मिळाली होती. तो मजकूर मला आतापर्यंत तीन नाट्यगटांतून आला आहे. त्याचे म्हणणे असे: सहा मिलिमीटरचे कोणतेही मॅगझिन कोणत्याही एअरसॉफ्ट बंदुकीला चालते. मॉडेलचे नाव सारखे असेल तर विचारच करू नये. बसत नसेल तर कानशीने घासावे. सीओ2चे (कार्बन डायऑक्साइडवर चालणारे) मॅगझिन लावल्याने फक्त जोर वाढतो. आणि मॅगझिन काढले की हत्यार रिकामे, असे पाच मुद्दे त्यात ठामपणे मांडलेले आहेत. गेली बारा वर्षे मी आमच्या नाट्यमंडळाची प्रॉपर्टी, म्हणजे रंगमंचावरचे सामान, सांभाळतो आणि ही पिस्तुले स्वतः उघडून साफ करतो, म्हणून या मजकुराला उत्तर देणे मला भाग आहे. सुरुवात शेवटच्या मुद्द्यापासून करतो, कारण डोळा जाईल तो त्याच मुद्द्याने.

गॅसवर चालणाऱ्या पिस्तुलात स्लाइड (वरचा मागेपुढे सरकणारा भाग) पुढे येताना आतले नोझल (छोटी नळी) मॅगझिनच्या तोंडावरचा छर्रा उचलून नळीच्या मुळाशी ढकलते आणि तिथे हॉप-अपचे, म्हणजे छर्ऱ्याला फिरकी देणारे, रबर त्याला धरून ठेवते. त्यानंतर मॅगझिन काढले तरी तो छर्रा तिथेच राहतो. खऱ्या पिस्तुलाची स्लाइड मागे ओढली की काडतूस बाहेर पडते, पण इथे छर्रा ओढून काढणारा आकडाच नसल्यामुळे स्लाइड ओढून पाहण्याचाही काही उपयोग होत नाही. यापुढची गोष्ट तर त्या मजकुराच्या लेखकाच्या गावीही नाही: अशा पिस्तुलात गॅसची टाकी मॅगझिनच्याच पोटात असते. म्हणजे मॅगझिन काढून चाप ओढला, तर गॅस नसल्यामुळे नुसता "टक्" असा आवाज येतो, छर्रा जागीच राहतो आणि चाप ओढणाऱ्याची मात्र खात्री पटते की पिस्तूल रिकामे आहे. भाच्याने हेच केले. मग त्याने मॅगझिनमधले छर्रे काढले आणि स्लाइडची हालचाल दिसावी म्हणून गॅस भरलेले ते मॅगझिन पुन्हा लावले. प्रवेशात गोळी एकच होती. तीच सुटली.

हा छर्रा लागून लागून किती लागणार, असे विचारणाऱ्यांसाठी हिशोब देतो. जपानने 2006 साली कायदा बदलून सहा मिलिमीटरच्या खेळण्यातल्या बंदुकांवर जी मर्यादा घातली, ती साधारण 0.98 जूल येते. 0.20 ग्रॅमचा छर्रा एवढ्या ऊर्जेने निघाला तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे 99 मीटर, म्हणजे ताशी 350 किलोमीटरच्या वर असतो, आणि ही जगातली कडक मर्यादांपैकी एक आहे.

रिकामे करण्याची खरी रीत अशी आहे. गॅसचे पिस्तूल असेल तर मॅगझिन काढावे, स्लाइड मागे अडकवावी, नळीच्या तोंडातून सफाईची काडी घालून छर्रा मागे ढकलावा आणि तो खाली पडलेला डोळ्यांनी पाहावा. विजेरीवर चालणारी बंदूक असेल तर मॅगझिन काढल्यावरही ती आतला छर्रा उडवू शकते, म्हणून डोळ्यांवर संरक्षक चष्मा ठेवून जाड कापड भरलेल्या खोक्यात दोनतीन बार काढावेत आणि मगच बॅटरी सोडवावी.

सीओ2च्या मुद्द्यासाठी कोणा तज्ज्ञाकडे जाण्याचीही गरज नाही, फ्रीज दुरुस्तीच्या दुकानातला दाबाचा तक्ता पुरेसा आहे. सौम्य पिस्तुलांत वापरला जाणारा एचएफसी 134ए हा गॅस म्हणजे जुन्या फ्रीजमध्ये आणि अनेक गाड्यांच्या एसीत भरतात तोच आर-134ए होय. 20 अंश सेल्सिअसला त्याचा गेज दाब (बाहेरच्या हवेच्या दाबाहून जास्तीचा दाब) सुमारे 4.7 बार असतो; बार हे दाबाचे एकक. अशा पिस्तुलांतला दुसरा, ग्रीन गॅस हा मुख्यतः प्रोपेन असतो आणि त्याचा दाब त्याच तापमानाला सुमारे 7.4 बार भरतो. कार्बन डायऑक्साइडचा दाब असतो सुमारे 56 बार. सीओ2च्या मॅगझिनचा व्हॉल्व्ह गॅस मोजूनमापून सोडतो हे खरे, पण म्हणून 134ए साठी घडवलेल्या प्लॅस्टिकच्या स्लाइडला तो धक्का सोसवेल असे नाही. तिला पुढच्या टोकाशी तडा जातो. त्यात आपल्याकडचा उन्हाळा आहे. एप्रिल-मेमध्ये सांगलीत पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि 40 अंशांना त्याच 134ए चा दाब 9.2 बारपर्यंत, म्हणजे जवळजवळ दुप्पट होतो. भरलेले मॅगझिन दुपारी गाडीच्या डिकीत ठेवणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

मॉडेलच्या नावाबाबत अर्धे सत्य आहे आणि ते मला मान्य करावे लागते. टोकियो मारुई कंपनीने 1991 साली विजेरीवर चालणारी पहिली बंदूक आणली आणि पुढे या कंपनीचीच मापे पुष्कळ उत्पादकांनी उचलली, त्यामुळे विजेरीच्या एम4 या रायफलच्या मॉडेलची मॅगझिन बहुतेक एकमेकांत चालतात. बहुतेक, सगळी नव्हेत. पण विजेरीच्या एम4 चे मॅगझिन म्हणजे छर्रे वर ढकलणारी नुसती डबी, तर गॅसच्या एम4 चे मॅगझिन म्हणजे टाकी आणि व्हॉल्व्ह. नाव एकच असले तरी या दोन वस्तू वेगळ्या आहेत. पिस्तुलांत तर दोन कंपन्यांच्या एकाच मॉडेलमध्येही व्हॉल्व्हची उंची आणि मॅगझिन धरून ठेवणाऱ्या खटक्याची खाच मिलिमीटरभर इकडेतिकडे असते आणि तेवढ्याने गॅस गळतो किंवा छर्रा चढत नाही. दिसायला हुबेहूब तशीच, पण 4.5 मिलिमीटरचे पोलादी छर्रे मारणारी पिस्तुलेही मिळतात. त्यांचे काहीही इथे चालत नाही.

कानस लावण्याबद्दल एवढेच सांगतो की घासलेली खाच पुन्हा भरून येत नाही आणि ते मॅगझिन मग मूळ पिस्तुलातही टिकून बसत नाही.

आमच्या पेटीत आता प्रत्येक पिस्तुलावर आणि त्याच्या मॅगझिनवर एकाच रंगाचा ठिपका आहे. सफाईची काडी पेटीच्या झाकणाला दोरीने बांधलेली आहे आणि भोक पडलेला तो कप भाच्याने स्वतःहून तिच्या शेजारी चिकटवला आहे.