हवामान तुमच्या हातात नाही, मग हमी कशाची देता?

ग्रुप टूर विकणाऱ्या कंपन्यांवर माझा राग आहे, आणि आता तो मी गिळणार नाही. तुर्कस्तानच्या सहलीचं कुठलंही माहितीपत्रक उघडा. पहिल्याच पानावर कॅपाडोशियाचं आकाश, त्यात रंगीत फुगे, खाली दगडी सुळके आणि ठळक अक्षरांत ‘सूर्योदयाची हॉट एअर बलून राईड समाविष्ट’. लोक त्या एका फोटोसाठी पैसे भरतात. इस्तंबूल, पामुक्कले वगैरे सोबत येतंच, पण घरातल्या वयस्कर माणसांना घराबाहेर काढतो तो फुग्याचा फोटो. मग कार्यक्रमाचा तक्ता बघा. कॅपाडोशियात मुक्काम: एक रात्र. म्हणजे हाताशी एकच पहाट. त्या पहाटे वारा सुटला की संपलं सगळं.

मे 2025 नंतर आपल्याकडून तुर्कस्तानला जाणाऱ्यांची संख्या बरीच घटली, तो विषय वेगळा. आमची सहल त्याआधीची. पण विकण्याची ही रीत कुठे बदलली आहे? इजिप्तमधल्या लक्सरचं, केनियातल्या मसाई माराचं पत्रक काढून बघा. तीच पहाट, तोच फोटो, तेच ‘समाविष्ट’, आणि हवामानाबद्दल शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत एक ओळ.

कॅपाडोशियात फुगा उडणार की नाही हे टूर कंपनी ठरवत नाही. बलून कंपनीसुद्धा ठरवत नाही. तिथल्या नागरी विमान वाहतूक खात्याच्या देखरेखीखाली रोज पहाटे वाऱ्याचा अंदाज घेतला जातो आणि मग झेंडा जाहीर होतो. हिरवा म्हणजे उडा, पिवळा म्हणजे थांबा, लाल म्हणजे आज नाही. लाल झेंडा लागला की कितीही मोठी कंपनी असो, फुगा वर जात नाही. कॅपाडोशियातल्या गोरेमे गावचा चहावालासुद्धा आदल्या संध्याकाळी सांगतो की उद्याचं काही खरं नाही. वर्षानुवर्षं तिथे बसच्या बस घेऊन जाणाऱ्या आपल्या टूरवाल्यांना हे ठाऊक नाही, असं मला कोणी सांगू नये.

आणि पहाटच का, हेही त्यांना ठाऊक असतं. फुग्याला सुकाणू नसतं. पायलटच्या हातात फक्त वर जाणं आणि खाली येणं; डावी-उजवीकडे न्यायचं काम वाऱ्याचं. वेगवेगळ्या उंचीवर वारा वेगवेगळ्या दिशेने वाहतो, त्याच्यावरच सगळी कसरत. रात्रभर जमीन थंड झालेली असते, हवा स्थिर असते, म्हणून सूर्योदयाच्या आसपासचा तेवढाच वेळ बरा. ऊन चढलं की जमीन तापते, गरम हवेचे झोत वर उठायला लागतात आणि फुगा सांभाळणं अवघड होतं. म्हणजे सकाळी जमलं नाही तर दुपारी बघू, अशी सोयच नाही. त्यात हिवाळ्यात लाल झेंडे जास्त, उन्हाळ्यात कमी. आपली माणसं जातात कधी? दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत. थंडी-वाऱ्याच्या दिवसांत, एका रात्रीच्या मुक्कामात राईडचे आगाऊ पैसे घेणं याला मी सरळ फसवणूक म्हणते.

भंडारदऱ्याला जूनमध्ये काजवे बघायला नेणारा गावातला पोरगासुद्धा आधी सांगतो की पाऊस जोरात आला तर काही दिसणार नाही. त्याच्याकडे ना ऑफिस, ना छापील पत्रक. तरी तो खरं बोलतो.

आमची पहाट सांगते. चारच्या आसपास हॉटेलच्या दाराशी व्हॅन आली. बाबा स्वेटरवर स्वेटर चढवून तयार. आईने तर रात्रीच कपडे काढून ठेवले होते. एका हॉलमध्ये नेऊन बसवलं, चहा-बिस्किटं दिली आणि सगळ्यांच्या हातात एकेक फॉर्म दिला. तब्येतीचा फॉर्म. मणक्याचं, गुडघ्याचं, हृदयाचं ऑपरेशन झालंय का, गरोदर आहात का. आईचा गुडघा बदललेला आहे. फॉर्म वाचल्यावर तिने माझ्याकडे पाहिलं. तिथल्या माणसाला विचारलं, तर तो अतिशय नम्रपणे म्हणाला की झेंडा हिरवा झाला तरी तुमच्या आईंना आम्ही घेऊ शकणार नाही.

त्याचं बरोबरच होतं. बास्केटला दार नसतं. बाहेरच्या बाजूला पाय ठेवायला खाचा असतात, त्यावर चढून आत उतरायचं. उतरताना सगळ्यांनी गुडघे वाकवून, आतल्या दोऱ्या घट्ट धरून बसायचं, कारण जमिनीला टेकताना दणका बसू शकतो, बास्केट आडवीसुद्धा होऊ शकते. गुडघा बदललेल्या बाईने हे करावं का? मुळीच नाही. मग हे मला गोरेमेच्या त्या हॉलमध्ये, पहाटे, आईच्या तोंडासमोर का कळावं? बुकिंगच्या वेळी आईचं वय लिहून घेतलं. जेवण जैन हवं की साधं, खोली जिन्यापासून लांब हवी का, सगळं विचारलं. व्हीलचेअर हवी का, हेही विचारलं, कारण गुडघ्याचं आम्ही स्वतःहून सांगितलं होतं! ते कळल्यावरही राईडचे पैसे घेतले. ‘आजी, तुम्ही फुग्यात बसणार ना?’ असं त्या काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं होतं. आई महिनाभर शेजारपाजारच्या सगळ्यांना सांगत होती.

आमच्या ग्रुपमध्ये साठी उलटलेली माणसंच जास्त होती. सहलींना जाणारी मराठी मंडळी बहुतेक याच वयाची असतात, निवृत्तीचे पैसे हातात असलेली, मुलांच्या जबाबदाऱ्यांतून सुटलेली. त्यांच्या जिवावर या कंपन्या चालतात. आणि त्यांनाच कोणी सांगत नाही की तासभर उभं राहायचं आहे, बसायला जागा नसते, मोठ्या बास्केटमध्ये अठ्ठावीस माणसंसुद्धा असतात, कप्प्या-कप्प्यांत खांद्याला खांदा लावून.

मग झेंडा. आधी पिवळा. अर्धा तास, पाऊण तास, पुन्हा थांबा. मग लाल.

हॉलमध्ये जो गोंधळ उठला त्याचाही मला संताप आला. आमच्यातलेच एक गृहस्थ त्या तुर्की पोराच्या अंगावर धावून गेले. बाहेर पान हलत नाहीये, मग रद्द का? जास्त पैसे घ्या, पण न्या! अहो, खाली पान हलत नसलं तरी वर वारा असतो, आणि फुगा वरच जाणार आहे. 2013 च्या मे महिन्यात याच भागात एका फुग्याची बास्केट दुसऱ्या फुग्यावर आदळली, कापड फाटलं आणि ब्राझीलचे तीन पर्यटक गेले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लक्सरला फुग्याला आग लागून एकोणीस माणसं मेली. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये कॅपाडोशियात उतरताना वाऱ्याने घात केला आणि स्पेनच्या दोघांचा जीव गेला. लाल झेंडा लावणाऱ्याचे हात जोडून आभार मानायला हवेत. ओरडायचंच होतं तर आपल्या टूर मॅनेजरवर ओरडायचं होतं, आणि त्याच्याही मागे, पुण्याच्या एसी ऑफिसात बसून एका रात्रीचा तक्ता आखणाऱ्यांवर. तो पोरगा फक्त निरोप्या होता.

टूर मॅनेजरने काय केलं? हात वर केले. ‘निसर्गापुढे आपण काय करणार?’ हे वाक्य ऐकून माझी तळपायाची आग मस्तकात गेली. निसर्गापुढे काही करता येत नाही, कबूल. पण मुक्काम वाढवता येतो! कॅपाडोशियात बघण्यासारखं काही नाही, म्हणून एक रात्र ठेवली, असंही नाही. ज्वालामुखीच्या राखेपासून तयार झालेल्या मऊ दगडात कोरलेली घरं आहेत, गोरेमेची भित्तिचित्रं असलेली गुहा-चर्च आहेत, उचहिसारचा किल्ला आहे, जमिनीखाली कितीतरी मजले खोल गेलेली देरिनकुयू, कायमाक्लीसारखी गावं आहेत. 1985 पासून हा सगळा परिसर जागतिक वारशाच्या यादीत आहे. तीन रात्री सहज जातील. स्वतःच्या स्वतः फिरणारी माणसं हेच करतात: तीन-चार रात्री राहतात, राईड पहिल्या पहाटेची घेतात, म्हणजे रद्द झाली तर दुसरी, तिसरी पहाट हाताशी उरते. त्यातही ओळीने काही दिवस लाल गेले की पुढच्या हिरव्या दिवशी जागांसाठी झुंबड उडते. एरवीच्या दरात मिळणारी जागा दुपटीवर जाते, आणि कमी पैशांत बुकिंग केलेल्यांना एजंट खुशाल पुढे ढकलतात. काही एजंट तर ‘कॅपाडोशियाची राईड’ म्हणून विकतात आणि नेतात इहलाराला किंवा सोआन्लीला, गोरेमेपासून कितीतरी लांब. हे सगळं तीन रात्री राहणाऱ्यांचं होतं. एका रात्रीवाल्यांनी काय करायचं?

रद्द झालेल्या राईडच्या बदल्यात आम्हाला ‘पर्यायी कार्यक्रम’ मिळाला. गालिच्यांचं दुकान. तिथे सफरचंदाचा चहा, दीड तास गालिचे उलगडून दाखवणं, मग अवानोसला मातीच्या भांड्यांचं दुकान. त्या दुकानांतून कोणाला कमिशन मिळतं हे बसमधल्या प्रत्येकाला कळत होतं. ज्या माणसांचा सकाळी एवढा विरस झाला, त्यांना दुपारी गिऱ्हाईक म्हणून दुकानात उभं करायचं?

त्या रात्रीचा मुक्काम कॅपाडोशियाच्या बाहेर होता, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही कोन्या शहराच्या रस्त्याला लागलो. आकाश स्वच्छ, झेंडा हिरवा. बसच्या डाव्या खिडक्यांतून फुगे वर चढताना दिसत होते. मी टूर मॅनेजरला म्हटलं, निदान दहा मिनिटं बस थांबवा, लोकांना खाली उतरून बघू द्या. तो म्हणाला, पुढचं जेवण वेळेवर व्हायला हवं. बसमध्ये कोणी काही बोललं नाही. मला अजून कळत नाही आपण सगळे गप्प का बसलो. पन्नाशी-साठीची, आयुष्यभर नोकऱ्या केलेली, स्वतःचे पैसे मोजलेली माणसं, आणि एका पंचवीस वर्षांच्या मुलाला ‘बस थांबव’ म्हणून दरडावायची हिंमत कोणाला झाली नाही.

आता पैशांचं. लाल झेंड्याने उड्डाण रद्द झालं की बलून कंपनी पैसे परत करते, किंवा दुसऱ्या दिवशीची जागा देते. तिथली रीतच ती आहे, आणि त्या हॉलमधल्या पोराने आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं की पैसे परत जातील. जातील म्हणजे कुठे? तिथल्या एजंटकडे. एजंटकडून आमच्या टूर कंपनीकडे. आमच्याकडे का नाही? परत आल्यावर फोन केला तर उत्तर मिळालं, ‘मॅडम, पॅकेजमधली कुठलीही गोष्ट वेगळी करून परतावा देता येत नाही.’ पण विकताना मात्र वेगळी करता येत होती! बुकिंगच्या वेळी ‘बलूनसह’ आणि ‘बलूनशिवाय’ असे दोन दर दाखवले होते, माणशी साधारण वीस हजारांचा फरक. मी तो कागद जपून ठेवला आहे. फरक दाखवून घेतला, तर तो मोजून परतही देता येतो.

त्यानंतर नुसती टोलवाटोलवी. हे पुण्याचं ऑफिस बघतं, ते मुंबईचं बघतं, मुंबई म्हणते अकाउंट्सला लिहा, अकाउंट्स म्हणतं ऑपरेशन्सला विचारतो. मध्ये एकदा पुढच्या सहलीवर सवलतीचं कूपन देऊ केलं. आईने ते ऐकून नुसतं ‘नको’ म्हटलं आणि आत निघून गेली.

बाबा म्हणतात, जाऊ दे, पैसे काही कोणी वर घेऊन जात नाही. मी जाऊ देणार नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणारी जाहिरात आणि अनुचित व्यापार प्रथा या दोन्ही गोष्टी स्पष्ट आहेत. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दिली आहे. सोबत दोन दरांचा कागद, पत्रकाचं पहिलं पान, बुकिंगच्या वेळी गुडघ्याबद्दल आम्ही पाठवलेला मेल, आणि आईने अर्धवट भरून सोडलेला तो फॉर्म, जो तिने पर्समध्ये घडी घालून घरी आणला होता. ग्रुपमधल्या आणखी काही जणांना मी फोन करते आहे. दोन घरं तयार झाली आहेत, बाकीचे विचार करतो म्हणाले. कंपनीकडून मला आधी एकाच प्रश्नाचं लेखी उत्तर हवं आहे: आमच्या रद्द झालेल्या राईडचे पैसे तिथल्या एजंटने तुमच्या खात्यात कोणत्या तारखेला जमा केले?