स्थापनेचं साल हातगाडीवर चाललं होतं

आज सकाळी स्टेशन रोडला रद्दीवाल्याच्या हातगाडीवर आपल्या क्रिकेट क्लबच्या स्कोअरच्या वह्या पाहिल्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, आडव्या, जाडजूड. वर पेपरचा गठ्ठा, खाली बाटल्यांचं पोतं आणि मधे त्या. गाडीवाल्याला विचारलं तर म्हणाला, "क्लबनी रद्दी शे भाऊ." त्याचं काहीच चुकलं नाही. त्याला वजन करून दिलं, त्यानं घेतलं.

चूक ज्यांनी दिलं त्यांची आहे. हीरक महोत्सवासाठी ऑफिस रंगवायचं म्हणून कमिटीनं कपाट रिकामं केलं. ढाली आणि कप पुसून काचेत लावले आणि वह्या काढून दिल्या. ढालीवर काय असतं? विजेता, उपविजेता, देणगीदाराचं नाव. कोण खेळलं, कुणी किती ओव्हर टाकल्या, कॅच कुणी घेतला, यातलं ढालीला काय माहीत?

किलोच्या भावानं चार वह्या सोडवून आणल्या. पाचवी होती, ती आधीच पुढे गेली होती.

आता नीट वाचा. हातगाडीवर जी वही सगळ्यात वर होती तिच्या एका पानाचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. साल गेलंय. उरलंय एवढंच: "रविवार, २६ जानेवारी". वर आपल्या क्लबचं नाव आणि समोर "पश्चिम खानदेश". मागच्या बाजूला चहा आणि सामानाचा हिशेब, आकडे "न. पै." म्हणजे नव्या पैशांमधे.

एवढ्यावरून साल काढता येतं. १९५० नंतरच्या पंचवीस वर्षांत २६ जानेवारी रविवारी आली ती १९५८, १९६४, १९६९ आणि १९७५ साली. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, आणि त्यातला "नवे" हा शब्द गळाला जून १९६४ ला. म्हणजे ६९ आणि ७५ बाद. राहिली ५८ आणि ६४. हिशेबात दूध शेरात लिहिलंय, पण त्यावर भिस्त ठेवू नका, लिटर आल्यावरही लोक सवयीनं शेरच लिहीत. खरा पुरावा समोरच्या संघाच्या नावात आहे. खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे १९०६ साली झाले, आणि १९६० साली महाराष्ट्र झाल्यावर त्यांची जळगाव आणि धुळे ही नावं आली. ६४ साली धुळ्याचा संघ स्वतःला "पश्चिम खानदेश" कशाला म्हणवेल? पान १९५८ चं आहे.

आणि चौकातल्या बॅनरवर काय लिहिलंय? स्थापना १९६५.

सात वर्षं. आपण आपल्याच क्लबची सात वर्षं रद्दीत घातली आणि वर मांडव टाकून साठीचा सत्कार करतोय.

हो, ६५ हे नोंदणीचं साल असेल, मान्य. संस्थेचा कागद त्या साली झाला असेल, ऑफिसात तेच साल चालणार. पण क्लब शिक्क्यानं सुरू होत नाही. अकरा जण एका नावाखाली टॉसला उभे राहिले त्या दिवशी तो सुरू होतो, आणि तो दिवस फक्त स्कोअरर लिहून ठेवतो.

कुणी म्हणेल गावच्या मॅचच्या वहीला एवढं काय डोक्यावर घ्यायचं. डिसेंबर १९४८ मधे पुण्यात काठेवाडविरुद्ध महाराष्ट्राचे भाऊसाहेब निंबाळकर ४४३ वर नाबाद होते. ब्रॅडमनच्या ४५२ च्या विक्रमाला नऊ धावा कमी, आणि समोरच्या कॅप्टननं मॅच सोडून दिली. तो आकडा आज आपण छातीठोकपणे सांगतो तो कुणाच्या आठवणीवर सांगत नाही. कुणीतरी बॉल टू बॉल लिहिलं म्हणून सांगतो. आपल्याकडच्या माणसानंही तेच काम केलं, पदरचा रविवार मोडून, उन्हात बसून.

त्या स्कोअररचं अक्षर बघाल तर राग निवळतो. निळी शाई, बारीक टोक, खाडाखोड जवळपास नाही. गोलंदाजीच्या चौकटीत प्रत्येक ओव्हरचे सहा ठिपके तीन-तीनच्या दोन ओळींत उभे. ओव्हर निर्धाव गेली की ते सहा ठिपके जोडून इंग्रजी एम. निर्धाव ओव्हरमधे विकेट पडली तर जोड उलटी, डब्ल्यू. एका गोलंदाजापुढे ओळीनं पाच एम आहेत आणि सहावा डब्ल्यू. छत्तीस बॉल एकही धाव नाही! ती सहा घरं बोटानं सरकत बघितली की त्या माणसाची लेंग्थ, म्हणजे बॉलचा टप्पा, दिसते.

जुनी वही तपासायची तर एक गोष्ट ध्यानात ठेवा, कारण इथंच हुशार पोरं चुकतात. आता वाईड आणि नो बॉल गोलंदाजाच्या खात्यात जातात, म्हणून त्याच्या धावांत फक्त बाय आणि लेग बाय मिळवले की एकूण जुळतं. जुन्या वहीत तसं नाही. ते खात्यात धरायची पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्याला आली. त्या आधी गोलंदाजांच्या धावा अधिक सगळे अवांतर. याच पानावर चार गोलंदाजांचे २८, ३१, १४ आणि ९, म्हणजे ८२. बाय ६, लेग बाय २, वाईड १, नो बॉल ३, म्हणजे १२. एकूण ९४ सर्वबाद, चोख. आजच्या पद्धतीनं जोडलं तर ९० येतात आणि चार धावा कमी दिसतात. मग कुणीतरी पेन घेऊन "दुरुस्त" करतो. अरे, त्या पानाला पेन लावायचा नाही. शंका असेल तर वेगळ्या कागदावर लिहा.

मागच्या हिशेबात अजून एक ओळ आहे: "मॅटचे खिळे २४". हे वाचून मी बराच वेळ थांबलो. आपली जमीन काळी कसदार. पावसात फुगते, उन्हाळ्यात तडे जातात, तड्यात बोट जाईल इतके. त्यावर तशीच मॅट, म्हणजे पिचवर अंथरायची काथ्याची चटई, टाकली तर बॉल कधी घोट्याला, कधी हनुवटीला. म्हणून पिचच्या पट्ट्यातली काळी माती फूटभर उपसायची, खाली विटांचे तुकडे, वर मुरूम, सगळ्यात वर चाळलेला बारीक मुरूम. मॅचच्या आदल्या संध्याकाळी पाणी मारायचं आणि पहाटे ओल असतानाच रोलर. मे महिन्यात आठ वाजून गेले की रोलर फिरवून उपयोग नाही, वरचा थर सुटतो. मग काथ्याची मॅट आधी लांबीत ताणायची, नंतर रुंदीत. खिळा बाहेरच्या बाजूला डोकं कलवून ठोकायचा, सरळ ठोकला की मॅटच्या ताणानं दुपारपर्यंत उपटून येतो. ढिली राहिली की वळी पडते, आणि वळीवर पडलेला बॉल कुठे जाईल ते बॉलरलाही सांगता येत नाही. संपल्यावर घडी घालायची नाही, बांबूवर गुंडाळायची. घडीवर काथ्या तुटतो. ओली गुंडाळली तर कुजते.

ती मॅट आहे अजून. तिचे तुकडे करून मांडवाच्या पायऱ्यांवर पाय पुसायला टाकलेत. यावर मी काही लिहीत नाही, लिहिलं तर पोस्ट डिलीट करावी लागेल.

नवीन कमिटी मेहनती आहे, हे नाकारत नाही. टर्फ, म्हणजे गवताचं पिच, त्यांनी केलं, नेट त्यांनी लावलं, पोरांना लेदर बॉल त्यांनी मिळवून दिला. पण वही म्हणजे रद्दी असं ज्याला वाटतं त्याला कपाटाची किल्ली देऊ नये, एवढंच म्हणणं आहे.

तर आता करायचं काय. महोत्सवाला दोन आठवडे आहेत.

वह्या लॅमिनेट करायच्या नाहीत. कालच कुणीतरी ग्रुपवर सुचवलंय. लॅमिनेशन गरम होतं, शाई उडते आणि प्लास्टिक परत काढता येत नाही, काढलं तर कागदासकट निघतं. सेलोटेप तर अजिबात नको. दोन-चार उन्हाळ्यांत पिवळी पडते, टेप गळून पडते आणि डिंकाचा डाग राहतो. फाटलेलं पान बटर पेपरच्या दोन तुकड्यांत नुसतं ठेवा. घरी खळ लावू नका, खळीला कसर लागते. जुने बाइंडर खळीत मोरचूद टाकायचे ते याचसाठी. गंजलेल्या पिना ओढायच्या नाहीत, पाय मागून चपट्या पातीनं उचकटून सरळ करायचे, मग पिन काढायची.

दमट पानं उन्हात वाळवू नका. कागद वाकतो, निळी शाई फिकी पडते. सावलीत, पंख्याखाली, पंखा थेट पानावर नको. वाळवीची माती मऊ ब्रशनं शिवणीकडून बाहेर झाडायची. बुरशी दिसली तर ती वही बाकीच्यांपासून वेगळी ठेवायची आणि तोंडाला रुमाल बांधूनच हात लावायचा.

फोटो मोबाइलनं चालतील. वही टेबलावर सपाट, मोबाइल बरोबर डोक्यावर, तिरका नको. खिडकीचा उजेड एका बाजूनं, फ्लॅश बंद. स्कॅनर ॲपचं काळं-पांढरं फिल्टर लावू नका, त्यात पेन्सिलच्या खुणा नाहीशा होतात आणि टाय झालेल्या मॅचचे वाद सगळे पेन्सिलमधेच असतात. रंगीत फोटो घ्या, कोरं पानसुद्धा सोडू नका. नाव वही आणि पानाच्या आकड्यानं द्या, तीन वेगळ्या घरांत तीन कॉपी ठेवा.

आणि ठेवायच्या कुठं, तर पत्र्याच्या खोलीत नाही. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली त्याहून वर. कागद पापडासारखा मोडतो. पक्क्या छताच्या खोलीत, लोखंडी कपाटात, मधल्या कप्प्यात. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं, पायाखाली विटा, खालचा कप्पा रिकामा. महिन्यातून एकदा मागं बॅटरी मारून बघायचं. वाळवी मातीची नळी करत भिंतीवरून येते, नळी दिसली की त्याच दिवशी मोडायची.

बॅनरचं म्हणाल तर मोठं काही करावं लागणार नाही. ६५ खाली छोट्या अक्षरात "नोंदणी" लिहा आणि वर १९५८ च्या पानाचा प्रिंट लावा, मूळ पान फ्रेम करायचं नाही. त्या संघातले कुणी हयात असतील तर सत्कार आमदारांच्या आधी त्यांचा. नावं वहीत आहेत, अकराही. माझ्याकडे यादी तयार आहे, कमिटीतल्या कुणीही मागावी, लगेच देतो.

चार वह्या सध्या माझ्या टेबलावर उघड्या आहेत, पंखा कमी वेगावर. पाचवी आज कुणाच्या तरी दुकानात असेल. पुठ्ठा लाल, आडवी, आत निळ्या शाईचे ठिपके. रद्दीच्या दुकानावरून जाताना जरा वाकून बघा. सापडली तर भाव करत बसू नका, पैसे मी देतो. आणताना पिशवीत उभी कोंबू नका, शिवण सुटलेली असणार. आडवी, हातावर आणा.